दोन जळगावं आणि एक पाटी

“काका, म्या मेनूले हातबी नाही लावला. फक्त फोटोचं स्लायडर टाकलं. अन् आता मेनूच उघडून नाही राहिला!”

फोन रोहिणखेडहून होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं हे गाव. कॉलेजात शिकणारा आमच्या नात्यातला एक मुलगा सुट्टीत गावाची वेबसाइट बनवत होता. सांगण्यासारखं गावात बरंच आहे. खुदावंत खान महदवीनं १५८२ साली बांधलेली मशीद आहे. १४३७ मध्ये बहमनी सुलतानाच्या फौजेनं खानदेशच्या नासीर खान फारुकीला हरवलं ते इथेच. त्यानंतर दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली, तीही इथेच. पोरानं या सगळ्याची छान कालरेषा केली होती, वर मेनू होता, आणि आता मशिदीचे फोटो आपोआप सरकावेत म्हणून त्यानं स्लायडर बसवला होता.

वेबसाइटशी ज्याचा संबंध आला, त्यानं हा प्रश्न कधी ना कधी विचारलेलाच असतो. ज्याला हातच लावला नाही, ते बिघडलं कसं?

१. एकच वही

मेनू उघडणं, फोटो सरकणं, फॉर्ममध्ये चुकीचा पिनकोड टाकला की लाल अक्षरं येणं, ही पानावरची सगळी हालचाल जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतून होते. ती दर वेळी पहिल्यापासून कोण लिहीत बसणार? म्हणून आधीच कुणी लिहून ठेवलेला तयार संच आपण उचलतो. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. मेनू एकाचा, स्लायडर दुसऱ्याचा, कालरेषा तिसऱ्याची. लग्नघरात आचारी एका गावचा, मंडपवाला दुसऱ्या गावचा आणि बँड तिसऱ्या गावचा असतो, तसंच हे. एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिलेली नसतात.

गडबडीचं मूळ १९९५ मध्ये आहे. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा पहिल्यांदा उभी केली ती अवघ्या १० दिवसांत. पानावर एखादं बटण हलवायचं, फॉर्म तपासायचा, एवढ्याच किरकोळ कामांसाठी ती हवी होती. एका पानावर दहा अनोळखी माणसांचं काम एकत्र नांदेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे नावं नोंदायला पानाला एकच वही मिळाली. कुठूनही आलेल्या लायब्ररीनं आपलं नाव त्या सामाईक वहीत लिहायचं. तेच नाव आधी कुणी लिहिलेलं असेल तर? जावास्क्रिप्ट हरकत घेत नाही. जुनं खोडते, नवं लिहिते आणि गप्प बसते. माझ्या मते या भाषेची सगळ्यात महागात पडलेली सवय ही गप्प बसण्याचीच.

वही अक्षराला मात्र पक्की आहे. आमच्या गावाचं नाव जुन्या कागदांत ‘रोहनखेड’ असंही सापडतं. माणसाला दोन्ही एकच वाटतात, पण या वहीत ती दोन वेगळी गावं झाली. (जावास्क्रिप्टमध्ये आपण ठेवलेली नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, हे अनेक प्रोग्रामरांनाही माहीत नसतं.)

२. जळगाव, पण कोणतं?

मलकापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून नुसतं “जळगावची गाडी कुठे लागते?” असं विचारून बघा. समोरचा आधी उलट विचारेल, “खानदेश की जामोद?” एक पश्चिमेला भुसावळच्या पुढे, तर दुसरं नांदुऱ्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी. पिंपळगावांची तर रांगच आहे: पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव सराई, पिंपळगाव देवी. सगळी एकाच जिल्ह्यात. लोकांनी हा गुंता केव्हाच सोडवला, नावाला शेपूट जोडून.

आता समजा, स्टँडवर पाटी लावायला एकच खिळा आहे आणि दोन्ही गाड्यांचे वाहक त्यावर नुसतं ‘जळगाव’ लिहिलेली पाटी टांगतात. ज्याची पाटी शेवटी लागली, त्याच्या गाडीत सगळे चढणार. खानदेशातला माणूस जामोदला उतरेल आणि म्हणेल, गाडी बिघडली. गाडी ठणठणीत आहे, पाटी बदलली आहे.

जावास्क्रिप्टच्या जगात हा खिळा म्हणजे $ हे चिन्ह. या भाषेत नाव म्हणून नुसतं $ चालतं. लिहायला एकच अक्षर आणि दिसायला ठसठशीत, म्हणून ते सगळ्यांनाच हवं होतं. २००५ मध्ये सॅम स्टीफनसन यांची प्रोटोटाइप लायब्ररी आली, तिनं $ घेतलं. २००६ मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली, तिनंही $ घेतलं. पुढे जेक्वेरी इतकी पसरली की बऱ्याच नवशिक्यांना तीच जावास्क्रिप्ट वाटायची.

दोघींच्या $ चा अर्थ मात्र वेगळा. पानावरच्या एका भागाला आपण ‘यादी’ असं ओळखनाव दिलंय असं धरा. प्रोटोटाइपला म्हणायचं $('यादी'), की ती तो भाग थेट हातात देते. जेक्वेरीला म्हणावं लागतं $('#यादी'), म्हणजे आधी # लावायचं. शिवाय ती नुसता भाग न देता तो आपल्या पिशवीत घालून देते. आता जेक्वेरीसाठी लिहिलेली ओळ चुकून प्रोटोटाइपकडे गेली, तर ती ‘#यादी’ या ओळखनावाचा भाग शोधते. तसा तो नसतोच. हाती येतं ‘नल’, म्हणजे रिकामं. पुढची ओळ त्या रिकाम्याला सांगते, “उघड.” रिकामं काय उघडणार? लाल अक्षरांत चूक उमटते. ती दिसते या ओळीवर आणि झालेली असते दुसरीकडेच, पाटी बदलली तिथे.

जेक्वेरीनं यावर शहाणपणाची सोय केली. ती पानावर आली की आधी बघते, खिळ्यावर कुणाची पाटी आहे. असेल ती काढून बाजूला जपून ठेवते आणि मग आपली लावते. ‘नोकॉन्फ्लिक्ट’ असा हुकूम दिला की ती आपली पाटी उतरवते आणि जुनी परत टांगते. स्वतःचं काम ‘जेक्वेरी’ या पूर्ण नावानं चालू ठेवते. जामोद म्हणते, “मला पूर्ण नावानं हाका मारा, नुसतं जळगाव तुम्हाला घ्या.” एवढा समजूतदारपणा फार थोड्या लायब्रऱ्यांत दिसतो.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या तयार साधनात तर हा समजूतदारपणा सक्तीचा आहे. तिथे जेक्वेरी येतानाच $ सोडून देते. म्हणून इंटरनेटवरून उचललेली $ ची ओळ वर्डप्रेसमध्ये चिकटवली की “$ इज नॉट अ फंक्शन” असं येतं. त्याचा अर्थ एवढाच की या स्टँडवर नुसत्या ‘जळगाव’ नावाची गाडी लागत नाही. पूर्ण नाव लिहा.

३. तलाठी बदलला

आमच्या पोराच्या पानावर प्रोटोटाइप नव्हती. होती नुसती जेक्वेरी. मग भांडण कुणाचं?

जेक्वेरीचं, जेक्वेरीशी. पानाच्या सुरुवातीला तिची तिसऱ्या पिढीतली प्रत होती. स्लायडरच्या झिप फाइलमध्ये दहा वर्षांपूर्वीची आणखी एक प्रत निघाली. सूचना होत्या, “या तीन ओळी पानात टाका.” त्यानं तीनही टाकल्या. जुनी प्रत दुसऱ्यांदा आली आणि $ तिच्या नावावर झालं.

यानं मेनू का बंद पडावा? मेनू हा जेक्वेरीचा जोड आहे, प्लगइन. पान उघडताना तो पहिल्या प्रतीकडे गेला आणि आपलं नाव नोंदवून आला. मग दुसरी प्रत आली. सगळं पान तयार झाल्यावर पोराची ओळ चालली: “$, तुझ्याकडे नोंदलेला मेनू सुरू कर.” पण आता $ म्हणजे दुसरी प्रत. तिच्या दप्तरी मेनूची नोंदच नाही. तुम्ही अर्ज जुन्या तलाठ्याकडे दिलात, मध्ये बदली झाली, आणि नवा तलाठी म्हणतो, “असा अर्ज माझ्याकडे नाही.” खोटं कुणीच बोलत नाही.

उपाय दोन. एक, दुसरी प्रत काढून टाकायची. मी तेच सांगितलं. मेनू उघडला आणि स्लायडर मेला! कारण जेक्वेरीच्या १.९ आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०१३ मध्ये, काही जुने हुकूम काढून टाकले होते, आणि हा स्लायडर त्यांच्याच जिवावर चालत होता. नव्या तलाठ्याला जुना नमुना समजेना.

दुसरा उपाय दोन्ही तलाठी ठेवण्याचा. क्रम असा: आधी नवी जेक्वेरी आणि तिचा मेनू. मग जुनी जेक्वेरी, लगेच तिचा स्लायडर. त्यानंतर एक ओळ, नोकॉन्फ्लिक्टच्या कंसात ‘ट्रू’ लिहून. हा ‘ट्रू’ महत्त्वाचा, कारण त्यामुळे जुनी प्रत $ सोडतेच, शिवाय ‘जेक्वेरी’ हे पूर्ण नावही सोडते. दोन्ही नावं पहिलीकडे परत जातात, आणि जुनीला आपण ‘जुनी’ असं तिसरं नाव देतो. नीट लिहिलेला जोड आला तेव्हा जी प्रत समोर होती तिचा हात धरून ठेवतो, नंतर पाटी बदलली तरी सोडत नाही, म्हणून हे जमतं. क्रम एका ओळीनं चुकला तर जमत नाही. आमच्याकडे तिसऱ्या खेपेला जमलं.

हुकूम काढून टाकण्याचा फटका ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर खाल्ला. जुन्या हुकमांचं नव्यात भाषांतर करणारा ‘जेक्वेरी मायग्रेट’ नावाचा दुभाषी तोवर प्रत्येक साइटमध्ये मुकाट काम करत होता. ५.५ आवृत्तीत तो काढला. एका अपडेटनंतर असंख्य साइटींचे मेनू आणि स्लायडर ठप्प झाले, आणि त्यांच्या मालकांनीही हेच म्हटलं असणार: आम्ही हातही लावला नाही! दुभाषी परत बसवण्यासाठी वेगळं प्लगइन काढावं लागलं.

४. गावभांड्याला लावलेला कान

नावांचं भांडण निदान दिसतं तरी. याहून खोल भांडण सामाईक वस्तूंचं.

अनेक गावांत पंगतीची भांडी सामाईक असतात. गंज, पराती, झारे. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची. समजा एका आचाऱ्यानं सोयीसाठी गावच्या मोठ्या गंजाला वेल्डिंग करून जादा कान लावून घेतला. त्याचं काम सोपं झालं. आता पुढच्या आचाऱ्याचं झाकण बसेना.

जावास्क्रिप्टमध्येही यादी, मजकूर, तारीख अशी गावभांडी आहेत. कोणतीही लायब्ररी त्यांना कान लावू शकते. मूटूल्स नावाच्या एकेकाळच्या लोकप्रिय लायब्ररीनं यादीला ‘फ्लॅटन’ नावाचा कान लावला होता. यादीत यादी, तिच्यात आणखी यादी असेल तर सगळं एका ओळीत सपाट मांडायचं, हे त्याचं काम. उपयोगाचं होतं. इतकं की काही वर्षांनी भाषेची मानकं ठरवणाऱ्या समितीनंच ठरवलं, हा कान आता कारखान्यातूनच लावून देऊ, नावही तेच ठेवू.

फायरफॉक्सनं चाचणीच्या आवृत्तीत तो लावून पाहिला आणि मूटूल्सवर चालणारी जुनी साइट मोडली. कारण बारीक आहे, पण बघण्यासारखं आहे. मूटूल्स यादीचे कान एकेक मोजत जाऊन ते सगळे आपल्या दुसऱ्या एका भांड्यावर उतरवून घ्यायची. स्वतः लावलेला कान मोजणीत येतो. कारखान्याचा कान मोजणीत येत नाही, कारण भाषेनं तो मुद्दाम नजरेआड ठेवलेला असतो. कान तोच, नाव तेच, पण आता तो आधीपासून नजरेआड. त्यावर मूटूल्सनं आपला चढवला तरी तो नजरेआडच राहिला. मोजणीत आला नाही, दुसऱ्या भांड्यावर उतरला नाही, आणि तिथे ‘फ्लॅटन’ वापरणाऱ्या ओळी कोसळल्या.

मार्च २०१८ मध्ये समितीतल्या मायकेल फिकारा यांनी थट्टेत सुचवलं की नाव ‘स्मूश’ ठेवूया. स्मूश म्हणजे दाबून चपटं करणं. थट्टा लोकांना खरी वाटली आणि जगभर गदारोळ झाला. जुन्या साइट मोडल्या तर मोडू द्या, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तो उद्दामपणा वाटतो. ज्या माणसानं दहा वर्षांपूर्वी पैसे देऊन साइट करून घेतली, त्याचं काय चुकलं? समितीनं शेवटी मे २०१८ मध्ये नाव ‘फ्लॅट’ केलं आणि भांडण मिटवलं. त्याआधी ‘कंटेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ झालं होतं, तेही मूटूल्समुळेच. आज जगातला प्रत्येक जावास्क्रिप्टवाला हे दोन शब्द टंकतो. एका जुन्या लायब्ररीला वाट देण्यासाठी ते वळवले गेले, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

५. एक दिवा गेला, माळ का विझली?

पोराच्या पानावर मेनूसोबत कालरेषाही बंद होती. तिचा तर जेक्वेरीशी काडीचा संबंध नव्हता.

लायटिंगच्या जुन्या माळा आठवा. दिवे एकामागे एक जोडलेले. एक गेला की पुढचे सगळे अंधारात. जावास्क्रिप्टचं काम असंच, ओळीमागून ओळ. मध्ये न सावरलेली चूक आली की तो तुकडा तिथेच थांबतो. पोरानं एकाच तुकड्यात आधी मेनू, मग कालरेषा सुरू केली होती. मेनूवर पाय अडकला आणि १४३७ ची लढाई सुरूच झाली नाही.

मात्र पानावर वेगवेगळ्या टॅगनं आणलेल्या स्क्रिप्ट या वेगवेगळ्या माळा असतात. एक विझली तरी दुसरी पेटते. म्हणून पहिलं काम, प्रत्येकाची माळ वेगळी करा. दुसरं, धोक्याच्या जागी ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ ही जोडी वापरा. ट्रायमध्ये काम, कॅचमध्ये बिघडलं तर काय करायचं ते. घरातल्या एका खोलीचा एमसीबी पडावा आणि बाकी घरात उजेड राहावा, तसं.

काही जण कॅच रिकामाच ठेवतात. चूक झाली तरी कुठे नोंद नाही, लाल अक्षर नाही. कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधण्यातला हा प्रकार. कॅचमध्ये निदान कन्सोलवर, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, एक ओळ लिहावी.

६. लाइनमनची रीत

मग दोषी शोधायचा कसा? संगणकावर पान उघडून एफ १२ दाबा आणि कन्सोल बघा. पंधरा लाल ओळी असतील तर घाबरू नका. सगळ्यात वरची, म्हणजे पहिली झालेली, तेवढीच वाचा. बाकीच्या बहुधा तिचीच पिलावळ असते. कधी नुसतं “स्क्रिप्ट एरर” एवढंच येतं. ती स्क्रिप्ट दुसऱ्या साइटवरून आलेली असते, आणि सुरक्षेसाठी ब्राउझर तपशील झाकतो. ती फाइल तात्पुरती आपल्याच साइटवर आणून ठेवली की खरी ओळ दिसते.

तरीही उलगडा झाला नाही तर लाइनमनकडून शिका. डीपीपासून लांबच्या मळ्यापर्यंत लाइन गेलेली, मध्ये कुठे तरी फॉल्ट. तो प्रत्येक खांबावर चढत नाही. मधल्या खांबावर जंपर सोडतो आणि बघतो, फॉल्ट अलीकडे की पलीकडे. मग उरलेल्याच्या मध्यावर. १६ प्लगइन असतील तर ८ बंद करा. अडचण गेली तर दोषी त्या ८ मध्ये. मग त्यातले ४, मग २, मग १. सोळांतला एक चार खेपांत सापडतो, आणि बत्तीसांतला पाच.

पण इथे एक गोम आहे. फॉल्ट एकट्या तारेत असतो, भांडणाला मात्र दोघं लागतात. वरचे ८ बंद केले, पान सुधारलं. ते चालू करून खालचे ८ बंद केले, तरी सुधारलं. म्हणजे दोन्ही गट निर्दोष? नाही, भांडखोर जोडीतला एक वर आहे आणि एक खाली. अशा वेळी खालचे सगळे चालू ठेवून वरचे अर्धे अर्धे बंद करत एक पकडायचा. मग त्याला चालू ठेवून खालचा शोधायचा. शिवाय दर वेळी पान नव्यानं मागवा. नाहीतर ब्राउझर साठवलेली जुनी प्रत दाखवतो आणि तुम्ही निर्दोषाला फासावर देता.

७. स्वतःची वही

सामाईक वहीचा मूळ रोग आता बराच आटोक्यात आहे. २०१५ च्या मानकात मॉड्यूल आले आणि २०१७ च्या सुमारास ब्राउझर ते समजू लागले. मॉड्यूलला स्वतःची वही असते. बाहेरचं जे हवं ते नाव घेऊन मागवायचं, आतलं जे द्यायचं तेवढंच बाहेर. लग्नाला दिलेल्या पातेल्यावर नाव घातलेलं असलं की ते बरोबर आपल्या घरी परत येतं, तशी ही सोय. गावभांड्यांना कान लावण्याची मुभा मात्र मॉड्यूललाही आहेच.

रोहिणखेडच्या पानाचं पुढे काय झालं? दोन तलाठी ठेवून ते आठवडाभर चाललं. मग मीच पोराला विचारलं, “मशिदीचे फोटो किती आहेत?”

“सहा.”

सहा फोटोंसाठी दोन जेक्वेरी! आम्ही स्लायडर काढला, त्याबरोबर जुनी प्रतही गेली. सहा फोटो एका आडव्या पट्टीत ठेवले. बोटानं सरकवले की प्रत्येक फोटो अचूक जागेवर येऊन थांबतो. ब्राउझरच्या सजावटीच्या भाषेत, सीएसएसमध्ये, ही सोय आता आयतीच आहे. जावास्क्रिप्टची एक ओळ लागली नाही. आपोआप मात्र ते सरकत नाहीत. पोराला दोन दिवस ते खटकलं, मग त्याच्या आजीनं मोबाइलवर मिहराबीचा फोटो धरून ठेवून बराच वेळ बघितला, तेव्हा त्याचं म्हणणं बदललं.

परवा पुन्हा फोन आला.

“काका, नकाशा टाकू का? तीनच ओळी हायेत.”

“कोणत्या तीन, त्या आधी वाचून दाखव.”